मेंदूला जबर मार लागल्यावर रुग्ण बरा होईल का? रक्ततपासणीतून किती कळते?

समजा, वडवणीजवळ बीड-परळी रस्त्यावर घरातल्या माणसाचा दुचाकीवरून अपघात झाला. आधी बीडला आणि तिथून अंबाजोगाईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात हलवले. तीन दिवस झाले तरी तो बेशुद्ध आहे, व्हेंटिलेटरवर आहे. आयसीयूबाहेर बसलेल्या तुमच्या मनात एकच प्रश्न असतो : माणूस उठेल का? अशा वेळी कुणीतरी सांगते, "आता रक्तावरूनही कळते म्हणे." यात तथ्य किती, ते पाहू.

बायोमार्कर म्हणजे काय?

हृदयविकाराचा झटका आला की रक्तातले ट्रोपोनिन वाढते. तसेच मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतली काही प्रथिने रक्तात उतरतात. जीएफएपी हे प्रथिन चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींतून येते. यूसीएच-एल१ आणि एनएसई ही प्रामुख्याने चेतापेशींतून येतात, तर न्यूरोफिलामेंट लाइट त्यांच्या लांब तंतूंमधून येते. साधारणपणे इजा जितकी मोठी, तितकी ही पातळी जास्त.

त्यावरून भविष्य कळते का?

काही प्रमाणात कळते. अमेरिकेतील 'ट्रॅक-टीबीआय' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अपघाताच्या दिवशीच्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ च्या पातळीवरून सहा महिन्यांतील मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचा अंदाज चांगला बांधता आला. मात्र रुग्ण पूर्णपणे पूर्वीसारखा होईल की काही त्रास मागे राहील, हे त्यावरून नीट सांगता आले नाही.

म्हणजे ही तपासणी इजा किती झाली ते सांगते. तुमचा माणूस किती सावरेल, हे ती एकटी सांगू शकत नाही.

एकाच आकड्यावर का विसंबू नये?

• वेळ महत्त्वाची : यूसीएच-एल१ पहिल्या काही तासांत वाढते, जीएफएपी साधारण एका दिवसात शिखर गाठते, तर न्यूरोफिलामेंट अनेक दिवस वाढत राहते. रक्त कधी घेतले हे माहीत नसेल, तर आकड्याला फारसा अर्थ नाही.
• इतर जखमा : एस१००बी हे प्रथिन चरबीतूनही येते, त्यामुळे मांडीचे हाड मोडले तरी ते वाढू शकते. एनएसई लाल रक्तपेशींतही असते. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो.
• वेगळा आजार, वेगळा निकष : मोबाइलवर एनएसईसाठी '६०' ही मर्यादा वाचायला मिळेल. ती हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांसाठी आहे, आणि तिथेही ती इतर तपासण्यांच्या जोडीनेच वापरतात. अपघाताच्या रुग्णाला ती लावू नका.

मग डॉक्टर अंदाज कशावरून बांधतात?

रुग्णाचे वय, हातापायांची हालचाल, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, सीटी स्कॅन, आणि अपघातानंतर रक्तदाब किंवा ऑक्सिजन फार खाली गेला होता का, या सगळ्यांचा एकत्र विचार होतो. बायोमार्कर मिळाले तर ते या चित्रात भर घालतात. रुग्णालयात ही तपासणी होत नसेल, तर उपचारात काही कमी पडले असे समजू नका.

निर्णयाची घाई का नको?

याच प्रकल्पाचा २०२१ मधील निष्कर्ष लक्षात ठेवा. दोन आठवड्यांनंतरही भोवतालचे काहीच भान नसलेल्या ७९ रुग्णांपैकी ६२ जण वर्षभरात शुद्धीवर आले. अर्थात, शुद्धीवर येणे म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. अनेकांना पुढेही दुसऱ्यांच्या आधाराची गरज लागते. पण पहिल्या काही दिवसांतल्या निराशाजनक अंदाजावरून उपचार थांबवले, तर सावरण्याची संधीच उरत नाही. (मेंदूमृत्यू ही वेगळी स्थिती आहे. त्याचे निदान ठरलेल्या कायदेशीर चाचण्यांनीच होते.)

डॉक्टरांना काय विचाराल?

• हा अंदाज कोणकोणत्या गोष्टींवर आधारलेला आहे?
• झोपेच्या औषधांचा परिणाम अजून आहे का?
• पुन्हा नीट तपासून कधी सांगाल?
• वाचला तर रोजच्या जगण्यात काय काय अडचणी येऊ शकतात?

खर्चासाठी शेत विकायला काढण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते विचारा. आणि डॉक्टर "आज नक्की सांगता येणार नाही" म्हणाले, तर ते टाळाटाळ करतात असे लगेच समजू नका. पहिल्या दिवसांत बहुतेक वेळा तेच खरे उत्तर असते.