दुकानदाराचं अर्धं वाक्य

जुन्या नाण्यांचा दुकानदार सहसा खोटं बोलत नाही. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण तो फसवणुकीचे किस्से ऐकून, खिसा सांभाळतच दुकानात शिरलेला असतो. पण काउंटरपलीकडून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा खरंच असतं. ‘चांदीचा आहे.’ ‘राणीच्या काळातला आहे.’ ‘शिवराई आहे, अस्सल.’ प्रत्येक वाक्य खरं आणि प्रत्येक वाक्य अर्धं. उरलेलं अर्धं गिऱ्हाइकानं घरून घेऊन यायचं असतं. ज्याला ते ठाऊक नसतं, त्याला ते रोख पैसे मोजून शिकावं लागतं.

आपल्याकडे जुनी नाणी मिळण्याच्या जागा अनेक, आणि प्रत्येक ठिकाणचं अर्धं वाक्य वेगळं. सर्वांत जुनी जागा सराफाची. दिवाळीच्या आधी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा कोल्हापूरच्या गुजरीत लक्ष्मीपूजनासाठी ‘राणीछाप आहे का?’ असं व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाबद्दल विचारणारी माणसं हमखास दिसतात. सराफाच्या लेखी नाणं म्हणजे वजन, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. 1835 मध्ये कंपनी सरकारनं देशभर एकसारखा रुपया आणला तो 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एका तोळ्याचा. पुढे कित्येक पिढ्या रुपया हेच सराफकट्ट्यावरचं वजन होतं. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर भरायचा. आजच्या मापात तो रुपया 11.66 ग्रॅमचा. त्यात चांदी साधारण 92 टक्के, म्हणजे पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास.

‘चांदीचा आहे’ या वाक्याचा उरलेला भाग असा की 1940 पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आली. महायुद्धात चांदी पुरेना, तेव्हा सरकारनं वजन तेच ठेवलं आणि आतला धातू बदलला. 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा. त्याच्यावर वाघ आहे, आणि लोहचुंबक त्याला चटकन पकडतो. 1919 चा आणि 1944 चा रुपया शेजारी ठेवले तर नवख्या डोळ्याला धातूतला फरक दिसत नाही, वजनकाट्यालाही कळत नाही. तो सालावरून कळतो. चांदीचा भाव अलीकडे ज्या वेगानं चढला, त्यामुळे हे साल वाचणं आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. आणि धनत्रयोदशीच्या तोंडावर जे चकचकीत ‘राणीछाप’ बाजारात येतात, त्यांतले बरेच अलीकडच्याच साच्यातले असतात. राणीच्या गालावर एक ओरखडा नाही, मुकुटाच्या कडा धारदार, आणि वजन मात्र कुठे साडेनऊ, कुठे दहा ग्रॅम. पूजेला चालतील. संग्रहात नकोत.

दुसरी जागा रस्त्यावरची. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट आहे. पथारीवर गंजलेले पाने, घड्याळांचे पट्टे, कॅमेऱ्याची भिंगं आणि एका ताटलीत नाणी. इथं भोकाचा पैसा मिळतो, तोही 1943 ते 1947 मधलाच. मुलांना सुरुवात करून द्यायला याच्यासारखं नाणं नाही. स्वस्त आहे, ओळखायला सोपं आहे, आणि आजी-आजोबांना त्याच्याविषयी बोलायला लावतं. पण त्याच ताटलीत ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, 1818’ असं कोरलेलं, पाठीमागे राम-सीता-लक्ष्मण नाहीतर उडता हनुमान असलेलं जाड तांब्याचं नाणंही असतं. कुठे साल 1616, कुठे 1717. कंपनीनं असलं नाणं कधीच पाडलेलं नाही. गंमत अशी की कंपनीच्या मद्रासच्या सोन्याच्या होनांवर खरोखरच विष्णूची आकृती होती, म्हणजे बनावट करणाऱ्याची कल्पना अगदीच निराधार म्हणता येत नाही. फक्त त्यानं साल, धातू आणि किंमत तिन्ही स्वतःच्या मर्जीनं घेतली. पथारीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘देवाचं आहे साहेब, लोक घेतात.’ हेही खरंच.

याच बाजारात अधूनमधून कुणीतरी रुमालात गुंडाळलेला सोन्याचा ‘शिवकालीन होन’ दाखवतो. शिवाजी महाराजांचे अस्सल होन जगभरात इतके मोजके आहेत की पथारीवर समोर येणारा होन खोटा धरूनच पुढे चालावं.

खरी शाळा तिसऱ्या जागी, म्हणजे फक्त नाण्या-नोटांचाच व्यवहार करणाऱ्या दुकानात. बहुतेकदा पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्यानं वर गेलं की एक खोली. काचेचा काउंटर, लाकडी ट्रे, प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम आणि टेबलावर दिवा. इथला माणूस जाणकार असतो, आणि त्याचं अर्धं वाक्य तसंच कसलेलं असतं.

‘1862 चा रुपया आहे.’ आहेच. पण राणीचं हे 1862 साल ठशावर तसंच गोठवून 1874 पर्यंत रुपये पाडले गेले. तारखेच्या आसपास जे बारीक ठिपके दिसतात, त्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून नेमकं वर्ष आणि टांकसाळ काढायची रीत आहे, आणि मेजर प्रिडमोर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांवरच्या ग्रंथात ती सविस्तर दिली आहे. त्याआधीच्या 1840 सालाचीही तीच गत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा, चांदीचा, राणीचा, आणि तरीही अगदी सर्रास मिळणारा रुपया. जुनेपणा आणि दुर्मिळता यांचा संबंध नवशिक्या गृहीत धरतो. दुकानदार तो गैरसमज पसरवत नाही, मोडूनही काढत नाही.

‘1911 चा, डुक्कर रुपया.’ पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण ठशात तो असा काही उतरला की लोकांना डुक्कर दिसलं आणि गदारोळ झाला. सुमारे 94 लाख रुपये पाडले होते. त्यांतले सात लाख बाहेर पडले, मग उरलेले आणि परत आलेले बहुतेक वितळवले गेले आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट काढली. गोष्ट इतकी चांगली आहे की नाणं तिच्याच जोरावर विकलं जातं. पण सात लाख ही काही लहान संख्या नव्हे. प्रदर्शनात प्रत्येक दुसऱ्या टेबलावर एखादा असतोच. किंमत ठरते ती नाण्याच्या अवस्थेवर, आणि अवस्था पाहायला गोष्ट थांबवावी लागते. खरा अवघड रुपया 1939 चा. तो फार थोडा बाहेर आला. म्हणून 1938 मधल्या आठाचा नऊ करणारे कारागीरही आहेत. भिंगाखाली त्या एका आकड्याभोवतीचा पृष्ठभाग वेगळा दिसतो.

आणि शिवराई. मराठी नवशिक्या दुकानात येतो तो बहुधा हिच्यासाठी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हातात घेतली की काही क्षण माणूस गप्प होतो, आणि तेवढ्यात भाव दुप्पट होऊ शकतो. महाराजांचा राज्याभिषेक 1674 चा, निधन 1680 चं. पण हीच अक्षरं असलेली तांब्याची नाणी पुढे शंभराहून अधिक वर्षं पडत राहिली, ठिकठिकाणच्या टांकसाळींत, अनेकदा मक्त्यानं. एकोणिसावं शतक सरत आलं तरी ती बाजारात चालत होती. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ ही उशिराच्या काळातली. आज ट्रेमध्ये पडलेल्या शिवरायांपैकी बहुसंख्य पेशवाईतल्या किंवा त्यानंतरच्या. त्या ‘अस्सल’ आहेत हे निर्विवाद. महाराजांच्या हयातीतल्या आहेत असं दुकानदार म्हणत नाही, गिऱ्हाईक तसं समजतं. अक्षरांचं वळण, वजन, ठशाची सफाई यांवरून जाणकार भेद करतात, तरी कित्येकदा मतं जुळत नाहीत. माझं मत विचाराल तर पहिली शिवराई उशिराचीच, स्वस्तातली घ्यावी आणि हाताळून हाताळून डोळा तयार करावा. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचं पुस्तक नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेनं काढलं आहे. एक चांगली शिवराई न घेता ते पुस्तक मिळवलं, तर पुढच्या दहा शिवराया स्वस्तात पडतील. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या त्या संस्थेचं संग्रहालय त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच आहे. दर्शनाला जाणाऱ्यांनी वाटेत तासभर थांबायला हरकत नाही.

शिवराईच्या मागे लागलेलं गिऱ्हाईक पुण्याच्या अंकुशी रुपयाकडे किंवा चांदवडी रुपयाकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण त्यांवर देवनागरी नाही, फारसी आहे, आणि नाव शाह आलम बादशहाचं. पेशव्यांच्या मुलखातला चांदीचा रुपया दिल्लीच्या नावानं पडत होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून निसटलेली. म्हणूनच मराठा इतिहासाची आवड आणि बेताचं बजेट असलेल्यानं पाहावीत ती नेमकी हीच नाणी. त्यांतल्या कित्येकांवर सराफांनी पारख करताना ठोकलेल्या बारीक खुणा असतात. त्या काळी टांकसाळीटांकसाळीच्या रुपयांचा भाव वेगळा होता, बदलून घेताना बट्टा द्यावा लागे, आणि संशय आला की सराफ नाण्यात टोचा मारी. आज अशा खुणांमुळे किंमत उतरते. मला त्या आवडतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकालाही काउंटरपलीकडच्या माणसाचं पूर्ण वाक्य हवं होतं, याचा तो पुरावा आहे.

अवस्थेबद्दल दोन शब्द. तांब्याचं नाणं चिंचेनं घासून लाल केलेलं दिसलं की ते नवशिक्यासाठी घासलेलं आहे असं समजावं. शतकाचा रापलेला तपकिरी रंग एकदा गेला की जाणत्याच्या लेखी निम्मी किंमत गेली. तसंच दागिन्यातून सुटलेल्या नाण्याचं. कडी काढून झाळ घासली तरी वरच्या काठाशी एक सपाट, जरा जास्त चमकणारी जागा उरते. नाणं अंगठा आणि तर्जनीत काठावर धरून दिव्याखाली तिरपं केलं की ती दिसते. दुकानदार नाणं काचेवर टाकून खणखणीत वाजवून दाखवू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावं. आवाजानं चांदी कळते, काठही दबतो. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा वजनकाटा आणि लोहचुंबक असला की तेवढं पुरतं.

ट्रेमध्ये जे दिसतं ते तिथं कसं पोचलं, हे मात्र पुस्तकात सापडत नाही. एखाद्या वाड्याची वाटणी झाली, कुणा संग्राहकाचं निधन झालं की दुकानदाराकडे ‘लॉट’ येतो. त्याच संध्याकाळी जुन्या गिऱ्हाइकांना फोन जातात, आता फोटोही जातात. त्यांनी निवडून घेतलं की बरं ते इतर विक्रेत्यांकडे, फारच चांगलं ते मुंबई-अहमदाबादच्या लिलावांकडे. या सगळ्या चाळण्यांतून खाली पडलेलं काउंटरवर मांडतात. यात कपट नाही, धंदा आहे. त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडतात, म्हणून खरेदी आणि विक्रीच्या भावात मोठं अंतर ठेवावं लागतं. ते अंतर जाणून घ्यायला एक प्रश्न पुरतो: ‘हेच नाणं वर्षभरानं तुमच्याकडे आणलं, तर कितीला घ्याल?’ चांगला दुकानदार थोडं थांबून खरा आकडा सांगतो. दुसरा म्हणतो, ‘अहो, तोवर भाव कुठल्या कुठे जाईल!’ या उत्तरानंतर त्या दिवशी खरेदी न केलेली बरी.

दुकानदारांचीही एक बाजू आहे. ट्रॅक्टर छापलेली पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना जातं, अशा मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्यांना पिडलं आहे. रोज दोन-चार माणसं पिशवी घेऊन येतात आणि ‘पन्नास रुपये’ ऐकून त्यांनाच चोर ठरवून निघून जातात. अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क उकळणाऱ्या टोळ्यांबद्दल बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला. आपण अशी खरेदी-विक्री करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तरी पिशव्या येतच आहेत.

‘शेतात सापडलं’ हे वाक्य ऐकलं तर मात्र कुतूहल आवरावं. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्याला बंधनकारक आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी इथं 1906 मध्ये मिळालेल्या साठ्यात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. त्या दोघांतलं युद्ध कुणी जिंकलं हे कळलं ते नाणी एकत्र राहिली म्हणून. चार जणांनी चार दुकानांत विकली असती तर प्रत्येक ट्रेमध्ये ‘जुनं चांदीचं नाणं’ एवढंच उरलं असतं.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावस्तूंविषयीचा. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. दिवाळीला आलेल्या न्यू जर्सीच्या भाच्यासाठी मावशी कौतुकानं पाकिटात शिवराई घालते, तेव्हा तिला हे ठाऊक नसतं, आणि विकणाराही ‘कुठे नेणार?’ असं विचारत नाही. शिवाय ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी पुढे सरकते. आज अल्बममध्ये निवांत पडलेला 1930 चा आणा 2030 उलटलं की या कायद्याखाली येईल.

पावती मागावी, आणि तिच्यावर काय लिहितात ते पाहावं. ‘जुने नाणे, 1 नग’ एवढंच लिहिणारे बरेच. ‘रुपया, व्हिक्टोरिया, 1862, मुंबई, चांदी, 11.6 ग्रॅम, कडी काढलेली’ असं लिहून सही करणारे थोडे, पण प्रत्येक मोठ्या शहरात एखाद-दोन सापडतात. ते घासाघीस करू देत नाहीत, चहाही क्वचितच विचारतात.

त्या पावतीवरचा मजकूर नाण्याच्या पाकिटावरही उतरवून ठेवावा: काय आहे, कुठून, कितीला, केव्हा. कारण हे लॉट वाड्यांतूनच येतात असं नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधूनही येतात. कपाट आवरताना सापडलेले अल्बम घेऊन मुलगी किंवा सून सराफाकडे जाते, तो सगळे रुपये एका पारड्यात ओततो आणि मोडीचा भाव सांगतो. पाकिटावर चार ओळी असतील तर ती तिथून उठून त्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात जाऊ शकते, आणि या वेळी वाक्य पूर्ण करायची पाळी दुकानदाराची असते.