मणक्याचे आणि मेंदूचे आजार : कुत्र्याला काय वाढावे?

मणक्यातील चकती सरकून मज्जारज्जू दाबला गेला की कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात. डॅशहंड जातीत हे विशेष दिसते. अशा वेळी काही आठवडे पिंजऱ्यातली विश्रांती लागते. हालचाल थांबते, भूक थांबत नाही; स्टेरॉइड चालू असेल तर उलट वाढते. म्हणून उष्मांक कमी करावेत, प्रथिने नव्हेत, नाहीतर झिजलेले स्नायू आणखी झिजतात. बरगड्या हलक्या स्पर्शाने लागाव्यात, इतपत वजन ठीक. माशाच्या तेलातील ओमेगा-३ दाह कमी करण्यास मदत करते. सरकलेली चकती मात्र त्याने जागेवर येत नाही.

अपस्माराची गोष्ट वेगळी. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०१५ मधील अभ्यासात २१ कुत्र्यांना औषधांसोबत मध्यम साखळीच्या मेदाचा आहार दिला गेला. तिघांचे झटके थांबले, आणखी सातांचे निम्म्याने किंवा जास्त घटले, सहांना काहीच फरक पडला नाही. घरचे खोबरेल तेल हा त्याला पर्याय नव्हे. कारण त्यात मुख्यतः लॉरिक आम्ल असते. झटक्यांवरचे पोटॅशियम ब्रोमाइड चालू असताना आहारातले मीठ एकदम वाढले, तर औषध लघवीवाटे लवकर निघून जाते आणि झटके परततात.

लीड्समधल्या मराठी घरांत उरलेली आमटी कुत्र्याच्या भांड्यात ओतण्याचा मोह होतोच. त्यात मीठ असते, शिवाय कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. आहारातला कोणताही बदल आधी पशुवैद्याला विचारूनच करावा.