अंकीय ग्रंथालयसेवा, राज्यव्यापी

अंकीय ग्रंथालयसेवा, राज्यव्यापी : एखाद्या राज्यातील अनेक ग्रंथालयांनी आपल्या ग्रंथांच्या नोंदी, अंकीय स्वरूपात साठविलेले ग्रंथ व नियतकालिके आणि वर्गणी देऊन मिळविलेले माहितीसंच एका सामाईक यंत्रणेमार्फत वाचकांस उपलब्ध करून देण्याची व्यवस्था. माहितीसंचांना व्यवहारात डेटाबेस असे म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात कोणता ग्रंथ कोठे आहे एवढेच सांगणाऱ्या नोंदी येतात. त्यांच्या एकत्रित संग्रहास संघतालिका म्हणतात. दुसऱ्या वर्गात प्रत्यक्ष मजकूर येतो. या सेवेच्या पर्यवेक्षणाचे काम नेहमीच्या ग्रंथपालनाहून वेगळे आहे. येथे पर्यवेक्षकाच्या हाती स्वतःचे असे फारच थोडे असते : ग्रंथ निरनिराळ्या संस्थांचे, नियतकालिके प्रकाशकांची आणि वाचक दुसऱ्यांचे सभासद. त्यामुळे त्याच्या कामाचा मोठा भाग करार, मानके आणि मनधरणी यांनी व्यापलेला असतो.

सामाईक तालिकेची कल्पना संगणकाहून जुनी आहे. मराठीत तिचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची होय. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये, तर १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज यंत्राकडून अपेक्षिले जाणारे बरेचसे काम, म्हणजे नोंदींची पडताळणी आणि त्यांची विषयवार मांडणी, दाते यांनी हाताने केले. मराठीची कोणतीही अंकीय संघतालिका आजही प्रथम त्यांच्या सूचीशी ताडून पाहावी लागते. यंत्राधारित सामाईक तालिकीकरणास अमेरिकेतील ओहायो राज्यात प्रारंभ झाला. तेथील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी १९६७ मध्ये ओसीएलसी ही संस्था स्थापिली आणि १९७१ मध्ये तिची तारयुक्त सेवा सुरू झाली. एका ग्रंथालयाने केलेली नोंद इतरांनी उचलावी, पुन्हा करू नये, हे तिचे साधे तत्त्व होते. पुढे जॉर्जिया राज्याने १९९५ मध्ये गॅलिलिओ ही सेवा सुरू करून माहितीसंचांची वर्गणी राज्यासाठी एकत्रितपणे भरण्याची पद्धत रूढ केली.

महाराष्ट्रातील रचना : मुंबई प्रांतात १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून ग्रामग्रंथालयापर्यंत उतरंडीची योजना सुचविली होती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्यानुसार मुंबईस ग्रंथालय संचालनालय असून राज्याचे मुंबई, पुणे, नासिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती व नागपूर असे सहा ग्रंथालयविभाग आहेत. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे येतात. नागपूर येथे शासकीय विभागीय ग्रंथालय असून विभागातील कामकाज सहायक ग्रंथालय संचालकांकडे असते.

या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य अंकीय सेवेच्या दृष्टीने निर्णायक ठरते. राज्यातील शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे. तथापि त्यांतील बहुतेक सर्व शासनाची नसून नोंदणीकृत संस्थांनी चालविलेली आहेत. त्यांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी करून त्यांना १९७० च्या नियमांन्वये अनुदान दिले जाते. अधिनियमात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. परिणामी संचालनालय या ग्रंथालयांची तपासणी करू शकते व अनुदान रोखू शकते. अमुक संगणकप्रणाली वापरा, अमुक पद्धतीने नोंदी करा, असे सांगण्यास मात्र अनुदानाच्या अटीपलीकडे त्याच्याजवळ फारसे साधन नाही. ड वर्गाच्या खेड्यातील ग्रंथालयात बहुधा एकच अंशकालीन कर्मचारी असतो. दाखल नोंदवही, देवघेव आणि वृत्तपत्रांची मांडणी त्यालाच पाहावी लागते. तालिकीकरणाची अपेक्षाही त्याच्याकडूनच केली जाते. राज्यव्यापी सेवेची खरी कसोटी या ठिकाणी लागते.

संगणकीकरणासाठी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने तयार केलेली ई-ग्रंथालय ही प्रणाली अनेक शासकीय व सार्वजनिक ग्रंथालये वापरतात. तिच्या चौथ्या आवृत्तीत ग्रंथालयांचे समूह करून त्यांच्या नोंदी एकाच मध्यवर्ती संचात ठेवण्याची सोय आहे. कोहा ही न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेली मुक्त प्रणालीही प्रचारात आहे. विद्यापीठे व महाविद्यालये यांत इन्फ्लिबनेट केंद्राची सोल ही प्रणाली विशेष आढळते.

उच्च शिक्षणाचे क्षेत्र यापासून जवळजवळ स्वतंत्र राहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये सुरू केलेले इन्फ्लिबनेट केंद्र सध्या गांधीनगर येथे आहे. देशातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांची इंडकॅट ही संघतालिका आणि पीएच्. डी. प्रबंधांचा शोधगंगा हा संग्रह ते चालविते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे (२००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ) प्रबंधही या संग्रहात येतात. कृषिविषयक संशोधनासाठी सेरा हा स्वतंत्र संघ असून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची असल्याने त्याच्या कक्षेत येते. पर्यावरण अभियांत्रिकी संशोधनाची नीरी ही संस्था वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या व्यवस्थेत मोडते. अशा प्रकारे नागपूरसारख्या एकाच शहरात काही किलोमीटरांच्या परिघात तीनचार सामाईक व्यवस्था नांदतात. त्या एकमेकींना मात्र ओळखत नाहीत. राज्यस्तरीय सेवेचे औचित्य पुष्कळसे या तुटकपणातच आहे.

तालिकेची एकवाक्यता : अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे संघतालिका होत नाही. एकाच ग्रंथाच्या दहा नोंदी यंत्रास दहा ग्रंथ वाटतात. मराठीपुरता हा प्रश्न विशेष बिकट आहे आणि त्याची मुळे लिपी, लेखनपद्धती व लेखकनामे या तिहींत आहेत.

संगणकावर मराठी प्रथम आली ती मुद्रणाच्या गरजेतून. ग्रंथालयांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या नोंदी बहुधा मुद्रणासाठी बनविलेल्या खाजगी टंकांत आहेत. अशा टंकात अक्षराचा संकेत नव्हे, तर त्याची आकृती साठविली जाते. टंक बदलला की नोंद निरर्थक चिन्हांची रांग बनते. १९९१ मध्ये इस्की ही भारतीय मानक संकेतावली ठरली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. तरीही जुन्या नोंदींचे रूपांतर अद्याप पुरे झालेले नाही. युनिकोडमध्येही अडचणी उरतातच. ‘वऱ्हाड’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. त्यातील आडवा रफार दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यास दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्रास ती वेगळी वाटतात. जुन्या टंकलेखकांची ‘व-हाड’ ही सवय धरल्यास रूपे तीन होतात. विदर्भाच्या ग्रंथालयाने आपल्याच प्रदेशाचे नाव शोधावे आणि एकतृतीयांश नोंदीच हाती याव्यात, असा प्रसंग यातून उद्‌भवू शकतो. यावर उपाय यांत्रिक आहे : शोधापूर्वी सर्व रूपे एका प्रमाणरूपात आणणे. परंतु तो प्रत्येक प्रणालीत सारखाच योजला गेला पाहिजे.

लेखनपद्धतीचा प्रश्न यांत्रिक उपायाने सुटत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. तत्पूर्वीच्या मुखपृष्ठांवर ‘पुस्तकें’, ‘नांव’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. मुखपृष्ठावरील शीर्षक जसेच्या तसे नोंदवावे हा तालिकीकरणाचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा मूळ रूपाबरोबर शोधासाठी प्रचलित रूपही द्यावे लागते. हे काम मराठीचा जाणकारच करू शकतो.

लेखकनामांचेही तसेच आहे. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे (१९०१–८२) आणि ग्रेस म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे (१९३७–२०१२) हे नागपूरच्या वाचकास सांगावे लागत नाही. यंत्रास मात्र ‘अनिल’ हे हजारो लोकांचे पहिले नाव वाटते व ‘ग्रेस’ ही कोणी परदेशी लेखिका वाटते. यासाठी प्रत्येक लेखकाची एक प्राधिकृत नोंद करून टोपणनाव, आद्याक्षरे व रोमन लिपीतील रूपे तिच्याशी जोडतात. मराठी लेखकांचा असा एकच मान्य संच सर्व ग्रंथालयांनी वापरणे ही या सेवेची पायाभूत गरज होय. हे काम खर्चिक नसले तरी दिसत नाही. त्यामुळे संगणकखरेदीस निधी मिळतो, यास मिळत नाही. [⟶ ग्रंथालयशास्त्र].

परवाने व वर्गणी : मुद्रित नियतकालिकाची वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटात राहतात. अंकीय माहितीसंचाची गोष्ट निराळी आहे. ग्रंथालय येथे वस्तू विकत घेत नाही, ठराविक मुदतीचा प्रवेश घेते. मुदत सरली की आधीच्या वर्षांचा मजकूरही दिसेनासा होऊ शकतो. म्हणून करारात मुदतीनंतरच्या प्रवेशाचे कलम असणे, हे दरातील सवलतीपेक्षाही महत्त्वाचे समजले पाहिजे. प्रत्यक्ष वापराची मोजणी २००३ पासून काउंटर या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार होते व नूतनीकरणाच्या वेळी तीच वाटाघाटीचा आधार असते.

केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत ३० प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांस मिळतात. सार्वजनिक ग्रंथालये तीत नाहीत. चंद्रपूरच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थी जे वाचू शकतो, ते त्याच शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद असलेला वकील, शेतकरी वा निवृत्त शिक्षक वाचू शकत नाही. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले व ते सर्वांस खुले आहे. परंतु त्यातील वर्गणीचा मजकूर सर्वांस मिळत नाही.

अंकीकरण व स्वामित्वहक्क : प्रतिलिपी अधिनियम, १९५७ अन्वये ग्रंथावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ मध्ये निधन पावलेल्या लेखकाचे ग्रंथ १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झाले. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास, मुद्रित प्रत जवळ असल्यास, जतनासाठी तिची अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ही मुभा जतनापुरतीच आहे. ती प्रत सर्वत्र खुली करण्याचा अधिकार तीतून मिळत नाही. हा भेद दुर्लक्षिल्याचे परिणाम गंभीर होतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात लक्षावधी ग्रंथांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. स्वामित्वहक्काचे प्रश्न उपस्थित झाल्यावर २०१७ च्या सुमारास तिचे संकेतस्थळ बंद झाले आणि हक्कमुक्त ग्रंथही त्याबरोबर वाचकांना दुरावले. त्यांतील पुष्कळ प्रतिमा आज अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे असल्यामुळेच वाचता येतात. सार्वजनिक पैशाने केलेल्या संग्रहाची दुसरी प्रत राज्यातच, वेगळ्या ठिकाणी व वेगळ्या व्यवस्थापनाखाली असणे म्हणूनच अवश्य आहे. मुंबईतील संग्रहाची प्रत नागपुरास ठेवणे हा त्याचा सोयीचा मार्ग होय. भौगोलिक अंतर हीच येथे सुरक्षितता असते.

संग्रहाबाहेरचे वाङ्‌मय : ग्रंथ आणि वृत्तपत्रे प्रदान अधिनियम, १९५४ अन्वये प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ग्रंथालयांस प्रत द्यावयाची असते. नागपुरात छापलेल्या ग्रंथाची प्रत नागपुरास मिळण्याची तरतूद त्यात नाही. शिवाय लघुपुस्तिका बहुधा कोठेच दिल्या जात नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर नागपूर हे आंबेडकरी प्रकाशनांचे मोठे केंद्र झाले. दीक्षाभूमीवर दरवर्षी लागणाऱ्या ग्रंथदालनांत स्वखर्चाने छापलेली चरित्रे, गीतसंग्रह, वादपुस्तिका व विशेषांक मोठ्या संख्येने विकले जातात. त्यांतील कित्येकांवर प्रकाशनवर्षही नसते. नामांकित प्रकाशकांच्या याद्यांवरून भरलेल्या सामाईक तालिकेत हे वाङ्‌मय येत नाही. ते गोळा करण्यास माणूसच पाठवावा लागतो. झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता व झाडीबोलीतील लेखन यांचीही स्थिती वेगळी नाही. गोंडी भाषेपुरती तांत्रिक अडचण आता कमी झाली आहे : मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये व गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. मात्र त्या लिपींतील नोंद करू शकणारा तालिकाकार गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तयार करणे हे काम उरतेच.

वाचकांची नोंद : सामाईक यंत्रणेत कोणी काय वाचले याची नोंद आपोआप साठत जाते. पूर्वी ती एका ग्रंथालयाच्या देवघेवीच्या पत्रिकेपुरती असे व पत्रिका भरली की फेकली जाई. राज्यभराच्या वाचनाची नोंद एका ठिकाणी असणे ही निराळीच बाब आहे. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशा माहितीच्या धारकावर बंधने घातली आहेत. ग्रंथ परत आल्यावर वाचकाचे नाव व ग्रंथाचे नाव यांतील दुवा पुसून केवळ संख्या ठेवावी, हा संकेत अनेक देशांतील ग्रंथालये पाळतात. कोणत्या ग्रंथास किती मागणी आहे हे त्यातून कळते, आणि तो कोणी मागितला हे विचारल्यास देण्यासाठी ग्रंथालयाजवळ काही उरत नाही.