थॉमस डॉर्सी : गुत्त्यातला पियानो आणि चर्चमधले गाणे

दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नावच अमेरिकेतील काळ्या चळवळीकडून घेतले. त्या लोकांच्या कविता आणि आत्मकथने यांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या गाण्याकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. चर्चमधल्या 'गॉस्पेल' गाण्याचा जनक म्हणून ज्याला ओळखतात, तो थॉमस डॉर्सी मुळात गुत्त्यातला पियानोवादक होता. बोरी अरबसारख्या गावात बसून मी त्याच्यावर लिहितो, कारण आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीच्या पेटीचे आणि त्याच्या पियानोचे दुखणे एकच आहे.

डॉर्सीचा जन्म १ जुलै १८९९ रोजी जॉर्जिया राज्यातील विला रिका येथे झाला. बाप फिरता धर्मोपदेशक. उपदेशाने पोट भरत नसे, म्हणून तो दुसऱ्याची जमीन बटईने करी. आई ऑर्गन वाजवायची. १९०८ च्या सुमारास कुटुंब अटलांटा शहरात आले आणि पोराची शाळा लवकरच सुटली. थिएटरात सोडा विकता विकता तिथल्या वादकांची बोटे पाहून तो पियानो शिकला. पुढे घरगुती नाचगाण्यांत, वेश्यावस्तीत वाजवू लागला. १९१६ मध्ये तो शिकागोला गेला. १९२४ मध्ये मा रेनी या थोर गायिकेचा ताफा त्याने बांधून दिला. 'जॉर्जिया टॉम' या नावाने १९२८ साली टँपा रेडबरोबर त्याने केलेले एक द्व्यर्थी गाणे तुफान खपले. आपल्या फडावरच्या चावट लावणीच्या जातीचे म्हणा.

हे ब्लूज संगीत होते. शेतमजुरी, विरह, परागंदा होणे यांतून ते निघाले. त्यातले काही स्वर किंचित उतरलेले असतात. ते पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. म्हणून वादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम चेपून तो हुंदका काढतो. (पेटीलाही मधले स्वर नाहीत. आमचे गायक ते गळ्यातून काढतात.)

शिकागोतल्या मोठ्या काळ्या चर्चना हा हुंदका नको होता. तिथे हँडेल, मोझार्ट यांच्या रचना गायल्या जात. दक्षिणेतून आलेले अडाणी मजूर टाळ्या पिटतात, ओरडून गातात, याची शिकलेल्यांना लाज वाटे. गोऱ्यांसमोर सभ्य दिसायचे होते ना! डॉर्सीने प्रार्थनेला ब्लूजची चाल आणि ठेका दिला. गाणी छापून त्याने चर्चना टपालाने पाठवली. बराच काळ मागणीच आली नाही. १९३० च्या बाप्टिस्ट अधिवेशनात त्याचे एक गाणे गाजले, तेव्हा दार किलकिले झाले. १९३२ पासून पिलग्रिम बाप्टिस्ट चर्चचा गायकवृंद त्याने अनेक दशके सांभाळला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेला असताना बाळंतपणात त्याची बायको नेटी वारली. पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखातून 'प्रेशस लॉर्ड' हे गाणे आले. त्याची चाल एका जुन्या गोऱ्या स्तोत्राची आहे, पण डॉर्सीने तिची सगळी चालढाल बदलून टाकली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे गोळी लागण्यापूर्वी काही क्षण मार्टिन ल्यूथर किंगने त्या रात्रीच्या सभेसाठी हेच गाणे मागितले होते. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी महालिया जॅक्सनने ते गायले.

या गाण्यात देवाकडे हात मागितलेला आहे. तथागताच्या मार्गाने जाणाऱ्या आपल्याला ही याचना पटणारी नाही आणि ती पटवून घेण्याची गरजही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्याने गाण्याच्या मालकीचे काय केले हे. १९३२ मध्ये त्याने स्वतःची प्रकाशन संस्था काढली. सॅली मार्टिन या गायिकेने तिचा हिशोब मार्गी लावला. महालिया गायची आणि डॉर्सी गाण्यांचे कागद विकायचा. गोऱ्या प्रकाशकाच्या दारात त्याला उभे राहावे लागले नाही.

आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या वामनदादांनी गावोगावी फिरून हजारो गाणी पेरली. ही चोपड्यांतली गाणी दीक्षाभूमीवर दरवर्षी विकली जातात. तरीही आमच्यातला पहिला पदवीधर घरात आला की पेटी माळ्यावर जाते. मी स्वतः पहिल्या पिढीतला पदवीधर आहे; ढोलकी ऐकून कपाळाला आठी घालणारे सहकारी मी रोज पाहतो. शिकागोच्या त्या सभ्य मंडळींपेक्षा ते वेगळे आहेत का?

डॉर्सी २३ जानेवारी १९९३ रोजी शिकागोत वारला. त्याचे चर्च २००६ मध्ये आगीत जळाले. त्याच्या गाण्यांवर त्याचे नाव छापलेले आहे. आमच्या चोपड्यांवर कवीचे नाव असते, कधी गायकाचे. पेटीवाल्याचे सहसा नसतेच. दारव्हा तालुक्यातील जुन्या पार्ट्यांच्या वह्या उतरवून घ्यायचे काम आम्ही काही विद्यार्थ्यांसह हाती घेत आहोत. पहिला रकाना पेटीवाल्याचा ठेवला आहे.