चॉकलेटवरचा पांढरा थर



उन्हाळ्यात भारतात पोचून बॅग उघडली की चॉकलेटवर पांढरट थर दिसतो. "बुरशी आली" म्हणत आजी ते टाकून देते. बहुतेक वेळा ती बुरशी नसते!

कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे. चकाकी देणारा पाचवा प्रकार सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळतो. पुन्हा थिजताना दुसरेच स्फटिक बनतात आणि चरबी वर येते. बोटाने चोळल्यावर थर विरघळला तर खुशाल खा. लोकरीसारखा दिसला तर टाका.

मुलांसाठी प्रयोग: अर्धा बार वाटीत वितळवून थिजू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे मोडा. एक कट्कन तुटेल, दुसरा मऊ आणि निस्तेज असेल. घटक तेच, रचना वेगळी. नंतर दोन्ही फस्त करायला हरकत नाही!