मूत्रमार्गाचा संसर्ग आणि जिवाणूंची रोगकारक क्षमता

एशेरिशिया कोलाय अर्थात ई. कोलाय या जिवाणूचे वर्णन थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये केले. मानवी आतड्यात तो सहसा निरुपद्रवी असतो. मात्र त्याचे काही प्रकार मूत्रमार्गात शिरल्यास रोग उत्पन्न करतात. मूत्रमार्गाचे बहुसंख्य संसर्ग याच जिवाणूमुळे होतात. हा भेद कशामुळे पडतो?

मूत्राचा प्रवाह हे शरीराचे नैसर्गिक संरक्षण होय, कारण त्याबरोबर जिवाणू वाहून जातात. म्हणून घट्ट चिकटून राहणे ही रोगकारक जिवाणूची पहिली गरज ठरते. त्याच्या पृष्ठभागावरील 'टाइप-१' तंतूंच्या टोकाशी असलेले फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करेला पकडते. 'पी' तंतू मूत्रपिंडातील पेशींना चिकटतात, त्यामुळे संसर्ग वर सरकून गंभीर होऊ शकतो. मूत्रात लोह अत्यल्प असते. ते मिळवण्यासाठी जिवाणू सायडरोफोर नावाची संयुगे स्रवतो. हिमोलायसिन हे विष पेशींचे आवरण भेदते. काही जिवाणू पेशींच्या आतच दडून राहतात. संसर्ग पुन्हा उद्भवण्याचे ते एक कारण आहे.

प्रोटिअस मिराबिलिस या जिवाणूची तऱ्हा निराळी आहे. त्याचे युरिएज हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. त्यामुळे मूत्र अल्कधर्मी बनते व मुतखडे होतात.

येथे एक भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. रोगकारक क्षमता म्हणजे रोग उत्पन्न करण्याचे सामर्थ्य, तर प्रतिरोध म्हणजे औषधाला न जुमानण्याचे सामर्थ्य. हे दोन्ही गुण एकाच जिवाणूत एकत्र आल्यास उपचार कठीण होतात. प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापरामुळे प्रतिरोधक जिवाणू टिकून राहतात आणि वाढतात. लक्षणे नसताना मूत्रात केवळ जिवाणू आढळल्यास बहुतेकांना प्रतिजैविकांची गरज नसते. गर्भवती स्त्रिया हा महत्त्वाचा अपवाद होय.

याच दृष्टीने भारतात २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. तीत समाविष्ट प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याला ठेवावी लागते. पुढे २०१७ मध्ये प्रतिरोधाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. तथापि, मूत्रतपासणीवर आधारलेले नेमके निदान आणि वैद्यकीय सल्ल्यानेच औषधसेवन, यांवरच या उपायांचे यश अवलंबून आहे.