पाच एकरांची रेघ

कर्जमाफी जाहीर झाली की वर्तमानपत्राचा मथळा कोटींचा असतो. गावातला पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो: ‘आपण बसतो का त्यात?’ सोसायटीचा सचिव, तलाठी, बँकेची शाखा, सगळीकडे लोक याच प्रश्नासाठी खेटे घालतात. रक्कम मंत्रिमंडळ ठरवतं. ती कोणाच्या खात्यावर जाणार हे शासन निर्णयातल्या पात्रतेच्या अटी ठरवतात. अटी कागदावर सगळ्यांना सारख्या असतात. जमीन, पाणी, नाव आणि पत मात्र सारखी नसते. म्हणून एकच नियम एकाला तारतो आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभं करतो. गेल्या वीसेक वर्षांतल्या कर्जमाफ्या हा त्याचा वस्तुपाठ आहे.

29 फेब्रुवारी 2008 रोजी तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ. जमीन त्याहून जास्त असेल, तर 75 टक्के थकबाकी भरा, उरलेली 25 टक्के सोडू. लहान शेतकऱ्याला आधी द्यावं, हे रास्तच. पण लहान म्हणजे कोण?

तासगावकडची तीन एकर द्राक्षबाग आणि यवतमाळची सात एकर कोरडवाहू कपाशी शेजारी ठेवून बघा. बागेला एकरी पीककर्ज मिळतं ते कपाशीच्या कैक पट. एखाद्या अवकाळीने बागायतदार थकला, तर रक्कम मोठी असूनही तो पूर्ण माफीला पात्र. सात एकरवाल्याचं सगळं पावसाच्या भरवशावर. कर्ज थोडं आणि हाती येणारं उत्पन्न त्याहून थोडं. पण नियमाच्या भाषेत तो ‘इतर शेतकरी’. थकबाकीतले बारा आणे आधी भरा, मग सवलत घ्या, असं त्याला सांगितलं गेलं. बारा आणे हाताशी असते, तर तो थकला कशाला असता?

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी देशाचं लक्ष या प्रश्नाकडे वेधलं होतं. पंतप्रधान मनमोहन सिंग 2006 मध्ये तिथे येऊन गेले होते. त्याच भागातले अनेक कोरडवाहू शेतकरी या रेघेपलीकडे राहिले. ओरड झाल्यावर अवर्षणप्रवण जिल्ह्यांतल्या ‘इतर’ शेतकऱ्यांसाठी 25 टक्के किंवा 20 हजार रुपये, यातली जी जास्त ती रक्कम, अशी दुरुस्ती झाली. पुढे राज्यालाही पाच एकरांवरच्या शेतकऱ्यांसाठी वेगळी सवलत द्यावी लागली. रेघ आधी आखली आणि माणसं नंतर मोजली, असा हा उलटा कारभार.

मर्यादा आणि कुटुंब

2017 मध्ये राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली. तिच्यात जमिनीची मर्यादा गेली आणि दीड लाखाची आली. लाभाचा घटक होता कुटुंब: पती, पत्नी आणि 18 वर्षांखालची मुलं. नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावे वेगळी शेती, वेगळं कर्ज असलं, तरी दोघांत मिळून दीडच लाख. बाईच्या नावे शेत करा म्हणून सरकारच सांगतं. तिने कर्ज काढून ते कसलं, की माफीच्या वेळी ती पुन्हा नवऱ्याच्या हिशेबात जाते.

2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेने ही चूक सुधारली; घटक झाला वैयक्तिक शेतकरी. मर्यादा आता दोन लाखांची. मात्र मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांच्या वर गेली, तर काहीच नाही. एक लाख नव्याण्णव हजारवाला मोकळा, दोन लाख एक हजारवाला होता तिथेच. या दोघांत दोन हजारांचा फरक होता. योजनेने तो दोन लाखांचा केला.

सातबाऱ्यावर कोण?

आतापर्यंत बोललो ते निदान बँकेच्या वहीत नाव असलेल्यांबद्दल. त्या वहीत शिरण्याचा दरवाजा म्हणजे सातबारा. जुना उतारा हातात घ्या. खातेदाराच्या नावापुढे कित्येकदा ‘एकुम’ असं लिहिलेलं सापडेल. एकुम म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे थोरल्या भावाचं नाव असतं. धाकटे भाऊ, विधवा भावजय, बहिणी यांचा हक्क कायद्याने असतो, पण कागदावर दिसत नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली. तरी 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या शेतीच्या खात्यांपैकी महिलांची खाती जेमतेम 14 टक्के होती. निंदणी, खुरपणी, वेचणी बाईने करायची आणि वारस नोंदीसाठी तिनेच तलाठ्याकडे हेलपाटे मारायचे. फेरफार मंजूर होईपर्यंत पीककर्जाला ती अपात्र, मग माफीला कुठून पात्र होणार?

बटाईने किंवा मक्त्याने शेत करणाऱ्याची गत याहून बिकट. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत 1948 चा कुळकायदा आला. तेव्हापासून जमीनमालक कुळ लागेल या धास्तीने काही लिहून देत नाही. सगळा व्यवहार तोंडी. कसणाऱ्याच्या बाजूने केलेल्या कायद्याचा हा उलटा परिणाम: आज कसणाऱ्याजवळ आपण कसतो याचा पुरावाच नाही. बँक त्याला उभं करत नाही, म्हणून तो सावकाराच्या दारात जातो.

सावकारी कर्जाचाही विचार झाला. 2015 मध्ये राज्याने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज माफ करायचं ठरवलं. तिथेही मेख होतीच. सावकाराने परवान्याच्या कार्यक्षेत्राबाहेर दिलेलं कर्ज सुरुवातीला अपात्र ठरलं. नियम मोडला सावकाराने आणि दंड बसला शेतकऱ्याला. बिनपरवाना सावकाराकडून घेणाऱ्याची तर गणतीच नाही.

मागेल त्याला काम

मग अट घालूच नये का? पैसा मर्यादित आहे, अट लागणारच. पण ती कशी असावी याचा धडा महाराष्ट्राने स्वतःच देशाला दिला आहे. 1965 मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ही हमी राज्याचा आधार ठरली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खर्चाचा मोठा भार शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून उचलला गेला. पात्रता एकच: उन्हात मातीकाम करायची तयारी. सातबारा नको, पत नको, नवऱ्याचं नाव नको. म्हणूनच भूमिहीन, दलित, आदिवासी आणि बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या. उशिरा मिळणारी मजुरी, खोटी मस्टर हे रोग तिथेही होते. अंगमेहनत न झेपणारे म्हातारे आणि अपंग तिथेही बाहेरच राहिले. पण 2005 मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा डोळ्यांपुढे हेच उदाहरण होतं.

धोरण चांगलं की वाईट हे तरतुदीच्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं अपात्रांच्या यादीवरून. ती यादी सरकारने प्रत्येक योजनेबरोबर छापावी: कोणत्या जिल्ह्यातले किती अर्ज नाकारले, कोणत्या अटीवर, त्यांत बायका किती, कोरडवाहू किती. आपणही पुढची घोषणा वाचताना रकमेच्या आधी पात्रतेचा परिच्छेद वाचावा. आणि ग्रामसभेत ‘कोणाला मिळालं?’ विचारून थांबू नये. ‘कोणाला नाही मिळालं, आणि का?’ याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.